चौदा आलेख, एक चित्र

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात माझ्याबद्दल चार जण बोलले. तिघांनी मी शांत स्वभावाचा आहे असं सांगितलं आणि चौथ्याने मी फारशा रजा घेत नसे असं. मी नेमकं काय काम करत होतो, हे कोणीच सांगितलं नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही. माझ्या पदाचं नाव सांख्यिकी सहायक. शेवटची सहा वर्षं मात्र मी मुख्यतः एकच काम केलं. पुष्कळ आलेख एका चित्रात जोडले.

माझं गाव रनाळे. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. नंदुरबारहून संध्याकाळी मी घरी पोचलो की बायको चहा ठेवता ठेवता विचारायची, "तुम्ही दिवसभर चित्रं जोडतस, मंग दमतस कसाले?" यावर मला आजवर चांगलं उत्तर सुचलेलं नाही. ते जमतं का, हे या लेखात पाहतो.

आधी आलेख म्हणजे काय ते सांगतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर अंगणवाड्या आहेत. तिथली सेविका महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचं वजन करते आणि नोंदवहीत लिहिते. ते आकडे आमच्याकडे यायचे. आम्ही त्यांचा आलेख करायचो. आडवे महिने, उभं वजन आणि एका मुलाची एक रेघ. रेघ वर चढत असेल तर मूल वाढतंय. आडवी झाली तर लक्ष द्यायचं. खाली वळली तर धावायचं. एका पाड्याच्या आलेखात अशा वीस-पंचवीस रेघा.

प्रत्येक पाड्याची एक फाइल. पूर्वी मी त्या सगळ्या फाइली साहेबांना पाठवायचो आणि साहेब त्यातल्या पहिल्या दोन उघडायचे. मग साहेबांच्या जागी एक नव्या मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बोलावलं आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी अर्धा दिवस गाडीत असते. मला एकच चित्र द्या. फोनवर उघडेल, बोटाने मोठं करता येईल आणि सगळे पाडे शेजारी शेजारी दिसतील."

सुरुवातीला मी ते हाताने केलं. एक आलेख उचलायचा, मोठ्या कोऱ्या पानावर ठेवायचा, कडा जुळवायच्या, वर पाड्याचं नाव लिहायचं. मग दुसरा. एका विभागाचे नऊ आलेख जोडायला दीड दिवस जायचा. शेवटचा बसत नाही म्हणून पहिले आठ पुन्हा लहान करायचे, हे मी इतक्यांदा केलं आहे की अजूनही भिंतीवर फोटो वाकडा दिसला तर हात शिवशिवतात.

स्क्रिप्ट हा शब्द मी तेव्हाच ऐकला. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेल्या आज्ञा. या कप्प्यातली चित्रं घे. त्यांची लांबी-रुंदी मोज. तेवढं मोठं कोरं पान तयार कर. पहिलं चित्र डावीकडे वर ठेव, दुसरं त्याच्या शेजारी. एका ओळीत चार झाली की खालच्या ओळीत ये. प्रत्येकावर यादीतलं नाव लिही. सगळं मिळून एक चित्र म्हणून साठव. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या माणसाला यापेक्षा वेगळं काही सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की माणूस न सांगितलेलंही समजून घेतो आणि संगणक फक्त सांगितलेलं करतो. हा फरक मला पुढे चांगलाच कळला.

शिकलो फोनवरच्या हिंदी व्हिडिओंवरून, सकाळी कार्यालय उघडायच्या आधी. वय चोपन्न. बायको म्हणाली, "या वयमा साळा सुरू कयी का?" अडीच महिने लागले. पहिल्यांदा ती स्क्रिप्ट चालली तेव्हा नऊ आलेख एका चित्रात बसायला चार सेकंद लागले. मी पुन्हा चालवली. पुन्हा चार सेकंद. मग उठून खाली गेलो आणि कारण नसताना चहा प्यायलो.

ही विद्या नंदुरबारात कशी पसरली माहीत नाही. आमच्या आलेखांच्या मोठ्या प्रती छापून देणारे एक शेठ होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि बाजारपेठेत स्थिरावले. शेठना मधुमेह. ते रोजची साखर, रक्तदाब आणि वजन लिहून ठेवायचे. एकदा म्हणाले, "चौधरीभाऊ, डॉक्टर म्हणतो एकच कागद आणा. इतकी पानं बघायला त्याला टाइम कुठे?" मी तिन्हींचे आलेख करून स्क्रिप्टने एकाखाली एक जोडले, तिन्हीच्या तारखा बरोबर एका रेषेत येतील असे. कागद दुकानातच छापला. शेठाणी गल्ल्यावर होत्या. त्यांनी तो हातात घेतला, वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, "दर सोमवारी सकाळी साखर वर. रविवारी संध्याकाळी जाता कुठे?" शेठ माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच त्यांना मिठाई खाऊ घातली. सुट्या कागदांत ते कोणाला दिसलं नव्हतं. एकाखाली एक आल्यावर शेठाणींना अर्ध्या मिनिटात दिसलं. जोडकामाचा खरा उपयोग मला त्या दुकानात कळला.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

वर्षभर स्क्रिप्ट बिनचूक चालली. मॅडम खूश होत्या. मग एका श्रावणात अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या विभागाला आणखी पाच पाडे जोडले गेले. नवाचे चौदा झाले. मी फाइलींना दहा ते चौदा असे पुढचे क्रमांक दिले, नावांच्या यादीत पाच नावं वाढवली, स्क्रिप्ट चालवली. चित्र छान आलं. चार, चार, चार आणि दोन अशा ओळी. संध्याकाळी मॅडमना आणि सगळ्या सेविकांच्या ग्रुपवर पाठवलं.

चित्रात पहिल्या ओळीतला शेवटचा पाडा वाईट दिसत होता. त्याला मी इथे सागपाडा म्हणतो. सहा रेघा दोन महिने खाली येत होत्या. एक तर फारच. मॅडमनी चित्र पाहून त्याच संध्याकाळी डॉक्टरांच्या पथकाला कळवलं की सकाळी थेट सागपाड्याला जा.

दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्यात सेविकांची बैठक होती. मी चित्र भिंतीवर मोठं करून दाखवत होतो. मॅडमनी विचारलं, "सागपाड्याच्या सेविका कोण?"

जमनाताई वसावे उभ्या राहिल्या. चाळिशीच्या, बारीक, हातात कापडी पिशवी. घरी त्या भिली बोलत. मराठी जपून, एकेक शब्द ठेवल्यासारखं.

"ताई, दोन महिन्यांत सहा मुलांचं वजन उतरलंय. तुम्ही कळवलं का नाही?"

जमनाताईंनी भिंतीवरच्या रेघा एकेक करून पाहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, ही माझी पोरं नाहीत."

मागून कोणीतरी हसलं.

"म्हणजे?"

"दिवाळी झाली की माझा पाडा रिकामा होतो. माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरं सोबत नेतात, होळीला परत येतात. तेवढे महिने माझ्याकडे चारच पोरं असतात. इथे तर सगळ्या रेघा चालूच आहेत. मी वजन केलं कोणाचं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. यानंतर मी जे बोललो ते मला आयुष्यभर पुरेल. मी म्हणालो, "ताई, हे हाताने केलेलं नाही. स्क्रिप्टने जोडलंय. यात अदलाबदल होत नाही."

जमनाताई खाली बसल्या. आणखी दोघी-तिघी आपापसात काहीतरी कुजबुजत होत्या, त्याही गप्प झाल्या. मॅडम म्हणाल्या, "ताई, लेखी खुलासा द्या," आणि बैठक पुढे सरकली.

चहाच्या सुट्टीत जमनाताई माझ्या टेबलाशी आल्या. राग दिसत नव्हता. पिशवीतून नोंदवही काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"भाऊसाहेब, तिसऱ्या ओळीतलं पहिलं चित्र मोठं करा."

मी केलं.

"हा माझा पाडा. बघा, मधे चार रेघा सोडून सगळं मोकळं. आणि सगळ्यात वरची रेघ दिनेशची. तो जन्मला तेव्हाच जाडा होता."

मी नोंदवहीतले आकडे पडद्यावरच्या रेघेशी ताडून पाहिले. प्रत्येक आकडा जुळला. त्या चित्राच्या डोक्यावर मात्र भलत्याच पाड्याचं नाव होतं. मी फाइलींचा कप्पा उघडला आणि त्यांचा क्रम पाहिला.

गोष्ट साधी होती. संगणक फाइलीचं नाव आकडा म्हणून वाचत नाही, अक्षरं म्हणून वाचतो. शब्दकोशात 'क' नंतर 'कप' येतो, 'कळ' येतो आणि मग 'ख' येतो, तसं त्याच्या हिशोबी १ नंतर १० येतो, मग ११, १२, १३, १४ आणि त्यानंतर २. नऊ फाइली होत्या तोवर हे कळायला मार्ग नव्हता. चौदा झाल्याबरोबर चित्रं त्याच्या क्रमाने लागली आणि नावं माझ्या यादीच्या क्रमाने. पहिला पाडा सोडून तेराही नावं चुकीची.

खरं सांगायचं तर पहिला विचार चांगला आला नाही. वाटलं, क्रम दुरुस्त करावा, 'सुधारित' असं लिहून चित्र पुन्हा पाठवावं, जमनाताईंचा खुलासा मॅडमच्या टेबलावर आपोआप विरून जाईल. कोणी विचारणार नव्हतं. मी माउसवर हात ठेवून बसलो होतो. तेवढ्यात जमनाताईंनी विचारलं, "मग ती खाली चाललेली रेघ कोणाची?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी माझं नाव वाचवायला बसलो होतो आणि ती बाई विचारत होती की मूल कोणाचं.

मी क्रम मोजला. चौथ्या जागी बारावी फाइल. बारावा पाडा भोकरपाडा. हेही नाव मी बदललेलं आहे.

"तिथे सेविका नाही," जमनाताई म्हणाल्या. "जागा रिकामी आहे. मदतनीस एकटीच बघते सगळं."

मी उठलो आणि मॅडमच्या खोलीत गेलो. "मॅडम, चूक माझी आहे. ताईंची नाही. नावं सरकलीत."

"किती?"

"पहिलं सोडून सगळी."

मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. "पथक कुठे गेलंय?"

"सागपाड्याला."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. तिकडे रेंज नसते. दोनदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग भाऊसाहेब, तुम्ही इथे उभे का आहात?"

जीपमध्ये मी पुढे बसलो, जमनाताई मागे. त्यांना या म्हणायला मला तोंड नव्हतं. मी विचारायच्या आधीच त्या पिशवी घेऊन चढल्या होत्या. घाट सुरू झाल्यावर मी मागे वळून म्हणालो, "ताई, सगळ्यांसमोर मी तुम्हाला…"

"ते नंतर बोलू," त्या म्हणाल्या. "आधी ड्रायव्हरला सांगा, नाल्याकडून नको. पाणी आलं असेल. वरच्या रस्त्याने."

सागपाड्यावर डॉक्टर वजनकाटा लावून बसले होते. एक गुबगुबीत पोरगं काट्याच्या झोळीत लटकून भोकाड पसरत होतं. तोच दिनेश. डॉक्टर म्हणाले, "भाऊसाहेब, इथे तर सगळं ठीक दिसतंय. तुमचा आलेख काय सांगत होता?" मी सांगितलं. ते लगेच सामान आवरायला लागले.

भोकरपाडा डोंगराच्या पलीकडे. गाडी अर्ध्या वाटेपर्यंत, पुढे पाऊण तास पायी. भाताच्या बांधांवरून, घसरत. पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. मदतनीस बाईंनी नोंदवही पुढे केली. ज्या सहा मुलांचं वजन उतरत होतं, त्यांच्या आकड्यांभोवती त्यांनी लाल पेनने गोल केले होते. दोन महिने. एका मुलीच्या नावापुढे दोन गोल. त्या बाईंनी त्यांचं काम चोख केलं होतं. आकडे माझ्यापर्यंत पोचले होते. माझ्याकडून पुढे ते दुसऱ्याच पाड्याच्या नावावर गेले.

ती मुलगी सुनीता. अडीच वर्षांची. आईच्या मांडीवर बसलेली, रडत नव्हती, काही मागत नव्हती. डॉक्टरांनी तिच्या पावलावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला; कुपोषणाची सूज. मी इतकी वर्षं रेघा काढत होतो. रेघ असलेलं मूल मी त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

उपचार चौदा दिवसांचे; आई दवाखान्यात यायला तयार नव्हती. भिलीत ती जे बोलली ते जमनाताईंनी मला नंतर सांगितलं: घरी आणखी दोन लेकरं, नवरा निंदणीला गेलेला, शेळ्या कोण बघेल, आणि चौदा दिवस तिथे राहून करू काय. डॉक्टरांनी समजावलं, मीही हात जोडले. तिने मान हलवली नाही. मग जमनाताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. घाई केली नाही. आधी सुनीताला मांडीवर घेतलं, तिच्या केसांतून हात फिरवला, मग हळूहळू बोलत राहिल्या. शेजारच्या घरातल्या बाईला बोलावलं, दोन लेकरांचं ठरवलं. शेळ्यांचं ठरवलं. मग उठून मला म्हणाल्या, "ती येते. मी दोन दिवस तिच्यासोबत राहते. माझ्या घरी निरोप द्या."

सुनीता आणि आणखी एक मुलगा, दोघांना रात्री अक्कलकुव्यात दाखल केलं. बाकीच्या चौघांना औषध आणि खाऊ पाड्यावरच सुरू झाला. डॉक्टर मला व्हरांड्यात म्हणाले, "आणखी आठवडा गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो." तो आठवडा गेला असता. एका बाईला आपल्या पाड्याची रेघ ओळखता आली, म्हणून गेला नाही.

सुनीता चौदाऐवजी वीस दिवस राहिली आणि परत गेली. पुढच्या महिन्याच्या आलेखात तिची रेघ थोडी वर वळली. त्यानंतर आणखी.

स्क्रिप्टची दुरुस्ती दहा मिनिटांची होती. एकऐवजी शून्य-एक, दोनऐवजी शून्य-दोन असे क्रमांक दिले की संगणकाचा क्रम आणि माणसाचा क्रम एकच होतो. शिवाय पाड्याचं नाव यादीतून वरून चिकटवायचं बंद केलं. ते आलेखातच छापायला लावलं, म्हणजे चित्र कुठेही सरकलं तरी नाव त्याच्यासोबत जाईल. आणि दिवाळी ते होळीची मोकळी जागा, जी मी पूर्वी दिसायला बरी दिसावी म्हणून कधीकधी सरळ रेघेने भरून टाकायचो, ती मोकळीच ठेवली. चौदा आलेख शेजारी लागले तेव्हा पाच पाड्यांत ती पोकळी त्याच त्या महिन्यांत दिसली. मॅडमनी ते पाहून ऊसतोडीला जाणाऱ्या आयांना मुलांच्या वजनाचं कार्ड सोबत द्यायला सुरुवात केली.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. मॅडमनी सांगितलं नव्हतं. म्हणालो, "गेल्या वेळी जमनाताई बरोबर होत्या आणि मी चूक. चूक स्क्रिप्टची नव्हती, मी लिहिलेली होती. मी सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडलं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो." जमनाताई बसूनच म्हणाल्या, "ठीक आहे. पण भाऊसाहेब, पुढच्या महिन्यापासून चित्र आधी आम्हाला दाखवा. मग साहेबांना."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे."

तेव्हापासून तसंच ठरलं. चित्र आधी सेविकांच्या ग्रुपवर. दोन दिवस थांबायचं. त्या आपापला पाडा मोठा करून बघायच्या आणि बोलून निरोप पाठवायच्या. कोणी म्हणे बरोबर, कोणी म्हणे अमक्याचं वजन नऊ नाही, आठ आहे. पहिल्या वर्षात त्यांनी इतक्या चुका काढल्या की आधी आम्ही काय पाठवत होतो याचा विचार मी करत नाही. स्क्रिप्टमध्ये मी शेवटी एक आज्ञा घातली. चित्र जोडून झालं की ती थांबते आणि पडद्यावर विचारते, "ताईंनी पाहिलं का?" 'हो' लिहिल्याशिवाय चित्र पुढे जात नाही.

माझ्या जागी आता एक बाई आल्या आहेत. हुशार आहेत, स्क्रिप्ट माझ्यापेक्षा चांगली लिहितात. त्यांनी बरंच काही सुधारलं, ती आज्ञा मात्र ठेवली. गेल्या महिन्यात त्यांचा दुपारी फोन आला. "सर, उद्या बैठक आहे. तेरा जणींचं उत्तर आलंय, जमनाताईंचं नाही. नवे साहेब चित्र मागतायत. 'हो' लिहून टाकू का?"

मी म्हणालो, "त्या रेंजसाठी टेकडीवर येतात. संध्याकाळपर्यंत थांबा."

मला अजून त्या ग्रुपमधून कोणी काढलेलं नाही. साडेपाचला फोन वाजला. ग्रुपवर नव्या बाईंसाठी जमनाताईंचा बोलका निरोप, मागे वारा. "मॅडम, चित्र बघितलं. सगळं बरोबर आहे, पण माझ्या पाड्यावर एक पोर राहिलंय. परवाच जन्मलं. त्याचीही जागा करा, मग पाठवा."